खाटेखालचा लूम

आमच्या घराची मागची भिंत आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडची बाजूची भिंत एकच होती. भिवंडीच्या नारपोलीत अशी घरं पुष्कळ आहेत, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. मी जन्मल्यापासून ती भिंत थरथरत होती. पेल्यातलं पाणी आमच्याकडे कधी स्वस्थ बसलं नाही. मांडणीवरचे पेले दिवसभर किणकिणायचे, म्हणून आईने प्रत्येक दोन पेल्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा बोळा घालून ठेवला होता. पाहुणे आले की दोन मिनिटांत कपाळाला हात लावायचे. "कसे राहता हो तुम्ही इथे?" आई म्हणायची, "न राहून जायचं कुठे?" आणि वर म्हणायची, "ही खटखट ज्या दिवशी बंद होईल ना, त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटीन."

त्याच शेडमध्ये बाबा विणकर होते. आमच्या नात्यात कुणी कारकून, कुणी मास्तर. लूमवर गेलेले बाबा एकटेच. बाकीचे कामगार सगळे यूपी-बिहारकडचे, म्हणून बाबा घरात गावाकडचं हाय-न्हाय बोलायचे आणि शेडमध्ये फर्डी हिंदी. म्हणजे तरुणपणी बोलायचे. चाळिशी यायच्या आधीच त्यांचे कान गेले. लूमवर आयुष्य काढणाऱ्या माणसाचे कान जातातच, त्यात रडण्यासारखं काही आहे असं आमच्याकडे कुणी मानत नव्हतं. शेडमध्ये तसंही सगळे हातवाऱ्यांनीच बोलत. सुताचा इशारा वेगळा, चहाचा वेगळा. तळहात उपडा करून दोनदा खाली दाबला की 'लूम बंद'. हीच खूण शुक्रवारचीही. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. जगाचा रविवार तो आमचा शुक्रवार. मी शाळेत असताना शुक्रवारी मला झोपच लागायची नाही, इतकं गप्प गप्प वाटायचं.

आमच्या गल्लीत एक रीत होती. लूमवरच्या माणसाची मयत निघाली की ती ज्या शेडसमोरून जाईल त्या शेडचे लूम बंद व्हायचे. माणूस हिंदू असो, मुसलमान असो. कुणी कुणाला सांगायला जायचं नाही. मयत पुढे गेली की मागचे लूम पुन्हा सुरू, पुढचे बंद. आणि माणूस जर आपल्याच शेडचा असेल तर मालक स्वतः येऊन मेन स्विच खाली ओढायचा, नोकराला सांगायचा नाही. लहानपणी मी दारात उभी राहून हे पाहिलंय. बाबांना ती रीत फार आवडायची. "माज्या टायमाला बी शेठ सोता येल, बाय. हातानं मेन सुईच वडल. बघशील तू." मला भयंकर राग यायचा. काय हे बोलणं? पण त्यांना ते सांगताना मरणाचं काही वाटतच नसे. त्यांना दिसायचा तो मालकाचा हात. आयुष्यभर ज्याचं कापड विणलं त्याने एकदा आपल्यासाठी लूम थांबवावेत, एवढीच त्या माणसाची हौस.

मालक म्हणजे आमचे चाचा. जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले, आजोबांपासून लूम. मराठी आमच्यासारखंच, मध्येच हिंदी-उर्दू. बाबांपेक्षा थोडेसेच मोठे. त्यांच्या मुलांना लूममध्ये रस नव्हता. मुलं जवळच्या दापोड्याला गोदामांच्या धंद्यात गेली, तिथे भाडं महिन्याच्या महिन्याला येतं आणि सूत तुटत नाही. मी त्यांना दोष देत नाही. गेल्या काही वर्षांत आमच्या गल्लीतल्या शेडी एकेक करून तशाच गेल्या. शेवटी चाचांचीही शेड बंद झाली. गॅसकटरवाले आले, त्यांनी लूम कापले आणि टेम्पोत भरून भंगारात नेले. चाचा त्या दिवशी गल्लीत फिरकलेसुद्धा नाहीत.

बाबा तेव्हा काम सोडून घरी बसलेले होते. वय झालं होतं आणि डोकंही थोडं थोडं विसरायला लागलं होतं. पण जोवर भिंतीपलीकडे लूम चालत होते तोवर त्यांचं बरं चाललं होतं. त्यांची लोखंडी खाट त्याच भिंतीला लावलेली. ऐकू काही येत नसलं तरी खाटेच्या दांडीवर हात ठेवून ते पडून असत आणि मध्येच म्हणत, "कोपऱ्यातला लूम ढिला पडलाय. जॉबरला पाना घिऊन बोलवा म्हनावं."

शेड बंद झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "बाय, आज शुक्रवार हाय का?"

बुधवार होता. मी मान हलवली, नाही. त्यांनी दांडीवर हात ठेवला, मग भिंतीवर ठेवला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच खोटं बोलतेय. त्यानंतर रोज तेच. "शुक्रवार हाय का?" आम्ही पाटीवर लिहून दाखवलं की शेड बंद झाली, लूम विकले. ते वाचायचे, मान डोलवायचे आणि तासाभराने पुन्हा विचारायचे. शेवटी आई वैतागून म्हणाली, "हो म्हण ना, शुक्रवारच आहे म्हणावं!" मग आम्ही हो म्हणायला लागलो. त्यांच्या लेखी रोजच शुक्रवार.

इथवर ठीक होतं हो. पण त्यांनी जेवण सोडलं. हट्टाने नाही, रुसून नाही. लूमवरच्या माणसाची जेवायची पद्धत असते. शिफ्ट सुरू झाली, लूम नीट लागले, की मग शेजारच्या जोडीदाराला खूण करायची, तो तुमचे लूम बघतो आणि तुम्ही डबा उघडता. उभं आयुष्य बाबा असेच जेवले. सुट्टीच्या दिवशी आईने पाठीमागे लागून चार घास घालायचे. आता सुट्टी संपेना. आईने ताट पुढे केलं की म्हणायचे, "शिफ्ट लागू दे, मंग खातो." आई म्हणायची, "अहो, लागली शिफ्ट!" ते दांडीवर हात ठेवायचे आणि ताट सरकवायचे. महिन्याभरात गळ्याची हाडं वर आली. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. हात बांधावे लागतील, कारण असे रुग्ण नळी ओढून काढतात. हात बांधायचे? बाबांचे? मी डॉक्टरांशी भांडूनच बाहेर आले. त्यांची काही चूक नव्हती.

मी इथल्याच एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत शिकवते. लग्न केलं नाही, का ते इथे सांगत बसत नाही. त्या आठवड्यात मुलांचा नेहमीचा प्रयोग होता, प्रोग्राम भरलेल्या छोट्या बोर्डावरून इलेक्ट्रोमॅग्नेट चालवायचा. दरवर्षी मी तेच तेच सांगते. बोर्डाच्या पिनेतून निघतात जेमतेम तीन व्होल्ट, करंट म्हणाल तर एक बारका दिवा लागेल इतका. इलेक्ट्रोमॅग्नेटला हवेत बारा व्होल्ट आणि करंट दणदणीत. सरळ जोडलात तर बोर्ड जळेल आणि भरपाई तुमच्याकडून घेईन. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर ठेवायचा. शेठ नुसतं बोट हलवतो, गठ्ठे हमाल उचलतो. बोर्ड म्हणजे शेठ, ट्रान्झिस्टर म्हणजे हमाल. भिवंडीच्या मुलांना हे लगेच कळतं, हसतात.

एका टेबलावर प्रयोग सुरू झाला. लोखंडी दांडा आत ओढला गेला, सुटला, पुन्हा ओढला गेला. ठक. ठक. ठक. मी टेबलाच्या कडेला टेकून उभी होते. तो ठोका माझ्या हाताच्या कोपरातून खांद्यापर्यंत आला आणि मला एकदम रडू फुटलं. मुलांसमोर! "बाईंना काय झालं" म्हणून सगळे बघत राहिले. मी ओरडले, "आपापलं काम करा."

घरी येऊन आईला म्हटलं, मी बाबांच्या खाटेखाली लूम बसवते.

आई कणीक मळत होती. ती थांबलीच. "काय बसवतेस?"

"लूम. म्हणजे त्याचा ठोका."

"अगं, ती मेली खटखट गेली म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला, आणि तू ती घरात आणणार?" मग थोड्या वेळाने, परातीतून वर न बघता, म्हणाली, "आणि आपल्याच माणसाला फसवायचं?"

"हो," मी म्हटलं. "नळी घालण्यापेक्षा फसवू."

तिने कणीक पुन्हा मळायला घेतली.

एक मोठं इलेक्ट्रोमॅग्नेट आणलं, दांडा परत मागे ओढणाऱ्या स्प्रिंगसकट. खाटेच्या पायाशी फळी ठोकली, तिच्यावर दांडा आपटेल असं बसवलं. बोर्ड, ट्रान्झिस्टर, बारा व्होल्टचा सप्लाय. घाई इतकी की कॉइलला उलटा डायोड लावायचा राहिला. कशासाठी मी दरवर्षी मुलांचे मार्क कापते, तर नेमकं ह्याच्यासाठी! कॉइलमधला करंट एकदम तोडला की ती उलटा फटका मारते, आणि ट्रान्झिस्टर मरतो. माझाही मेला. दांडा आत ओढला गेला तो सुटेचना, कॉइल तापून वास यायला लागला. आई दारातून म्हणाली, "झालं का विणून?" मी चिडून सगळं बंद केलं आणि जमिनीवर बसून राहिले.

मला उगाच उपमा द्यायला आवडत नाही, पण तेव्हा बाबांकडे बघून हे सुचलं ते सुचलंच. वाहता करंट एकदम थांबत नाही, त्याला फिरत फिरत विझायला वाट द्यावी लागते. डायोड म्हणजे ती वाट. बाबांना कुणी दिली होती? एका दिवसात टेम्पो आला आणि गेला. मी नवा ट्रान्झिस्टर लावला, डायोड लावला आणि बटण दाबलं.

ठक. ठक. ठक. ठक.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आधी काहीच झालं नाही. मग त्यांचा हात हळूच दांडीवर आला. बोटं पसरली. ते कुशीवर वळले, आणि आईकडे बघून शेडमधल्यासारखे मोठ्याने ओरडले, "शिफ्ट लागली!"

त्या दुपारी ते दीड भाकरी जेवले. शेजारच्या, तिथे नसलेल्या जोडीदाराला हाताने खूण केली, माझे लूम बघ, आणि मग पहिला घास घेतला. आई स्वयंपाकघरात जाऊन पदराला डोळे पुसत होती आणि मला म्हणत होती, "कांद्यामुळे गं, कांद्यामुळे." कांदा चिरलेलाच नव्हता.

पण हे सुख जेमतेम दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कपाळावर आठ्या. ताट बाजूला. दांडीवरचा हात काढून त्यांनी मला विचारलं, "हा लूम कुनाचा हाय?"

मी पाटीवर लिहिलं, तुमचाच.

"ह्याची कांडी कशी संपत न्हाय?" ते म्हणाले. "सकाळपासून चाललाय. हवा इनतोय काय?"

अगं बाई! मी कपाळावर हात मारला. लूमच्या घरात जन्मले, आणि हे कसं विसरले? लूममध्ये इकडून तिकडे धावतो तो धोटा, त्याच्या पोटात आडव्या सुताची कांडी. ती काही मिनिटांत संपते. कांडी संपली की लूम थांबवायचा, नवी घालायची, पुन्हा सुरू करायचा. दिवसभर विणकराचं हेच. सतत थांबत-लागत असलेला लूम म्हणजे माणूस कामावर आहे. न थांबणाऱ्या लूमवर माणूस नाही, आणि कापडही नाही. माझा प्रोग्राम घड्याळासारखा अचूक होता, आणि म्हणूनच खोटा होता.

मी प्रोग्राम बदलला. ठोके चालायचे, मग थांबायचे, मग आपोआप सुरू. वेळही कमी-जास्त, कारण सगळ्या कांड्या सारख्या भरलेल्या नसतात. सुरू केलं आणि बघत बसले. लूम थांबला तसे बाबा धडपडून उठायला लागले. आईने धरलं. त्यांना कांडी बदलायची होती, आणि ते उठायच्या आत लूम आपला आपणच सुरू झाला. बाबांनी हात मागे घेतला. चेहरा इतका पडला की मला बघवेना. त्यांच्या लूमवर दुसरंच कुणीतरी काम करत होतं.

मग मी खाटेच्या दांडीला, त्यांच्या हाताजवळ, एक चपटा सेन्सर चिकटवला. ठोका बसला की तो बोर्डाला कळवतो. लूम चालू असताना बोर्डाने त्याचं ऐकायचं नाही, नाहीतर स्वतःच्याच ठोक्याला तो फसेल. थांबला की मात्र ऐकायचं. बाबांनी दांडीवर टिचकी मारली की लूम सुरू. नाही मारली तर थांबूनच राहील, कितीही वेळ. मी त्यांचा हात धरून टिचकी मारून दाखवली. ठक. ठक. ठक. एकदाच दाखवावं लागलं.

तिथून पुढचे महिने माझ्या आयुष्यातले चांगले होते, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. बाबा कामावर होते. लूम थांबायचा, स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "कांडी संपली वाटतं," आणि टिचकी ऐकू यायची, आणि पुन्हा ठक ठक. जेवायच्या वेळी जोडीदाराला खूण. पहिल्या शुक्रवारी मी मशीन चालूच ठेवली होती. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवून मला झापलं, "शुक्रवारी लूम चालवतोय शेठ? लाजच न्हाय!" मग शुक्रवारी बंद. त्या दिवशी ते आईकडून डोक्याला तेल लावून घ्यायचे, दाढी करवून घ्यायचे, दारात खुर्ची टाकून बसायचे. शनिवारी लूम सुरू होणार हे ठाऊक असल्यावर माणसाला सुट्टी आवडते. आईने एक दिवस पेल्यांच्या मधले कागदाचे बोळे काढून टाकले. मी विचारलं तर म्हणाली, "जुने झाले होते." नवे काही घातले नाहीत तिने.

चाचांना कुठून तरी कळलं. एक दिवस सकाळी आले, काठी टेकत. मला भीती वाटली, म्हातारा हसेल. ते खाटेजवळ उभे राहिले, वाकले आणि दांडीवर हात ठेवला. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, धडपडत उठून बसले आणि सलाम केला. "शेठ, माल चांगला निघतोय." चाचांनी नुसती मान हलवली. बाहेर येऊन मला म्हणाले, "बेटी, त्या दिवशी मी आलो नाही इकडे. देखा नहीं जाता था." आणि थोड्या वेळाने, "पन तुझ्या मशीनचा आवाज पोकळ हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लाकडाचा ठोकळा पाठवला, काळा, तेल पिऊन गुळगुळीत झालेला. लूमच्या टोकाला धोटा ज्याच्यावर आदळायचा तो. भंगारवाल्याकडून एवढाच मागून घेतला होता म्हणे. मी साधी फळी काढली आणि तो बसवला. ठोका भरदार झाला, आणि भिंतीतून मांडणीपर्यंत पोचला. पेले किणकिणले. आईने आणि मी एकमेकींकडे बघितलं.

बरं होईल अशी आशा आम्हाला नव्हतीच. माणूस झिजत होता, फक्त उपाशी झिजत नव्हता. एकदा दुपारी मी त्यांची नखं कापत होते. ते अगदी शुद्धीवर असल्यासारखे माझ्याकडे बघत होते. हळू आवाजात म्हणाले, तसे ते कधी बोलत नसत. "गल्लीत एकच लूम ऱ्हायला न्हवं, बाय?"

माझ्या हातातलं नेलकटर थांबलं. त्यांना ठाऊक होतं? किती? मी पाटी घ्यायला उठले, त्यांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. एक बी पुरं हाय."

मग लूम थांबला आणि त्यांनी टिचकी मारली. मी पुन्हा कधी विचारलं नाही. आजही मला कळत नाही, मी त्यांना फसवत होते की ते माझं मन राखत होते. ह्याचा विचार करायला लागले की मला झोप येत नाही.

ते गेले तो रविवार होता. माझी सुट्टी, त्यांची ड्युटी. सकाळी पेज प्यायले. मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होते, आई आमटीला फोडणी देत होती. लूम थांबला.

"कांडी संपली वाटतं," आई म्हणाली.

मी पेपर तपासत राहिले. फोडणीचा वास आला. पेले गप्प होते. आईने गॅस बारीक केला. मी पेन खाली ठेवलं. आम्ही दोघी आपापल्या जागी होतो आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं, कारण बघितलं असतं तर उठावं लागलं असतं. उठावंच लागलं. त्यांचा हात दांडीवरच होता.

माणसं जमली. नातेवाईक, शेजारी, जुन्या कामगारांतले जे अजून भिवंडीत टिकून होते ते. बाबांना बाहेरच्या खोलीत आणलं, सगळं जे करायचं असतं ते झालं. मला त्यातलं फारसं आठवत नाही. एक आठवतं. दारात उभी राहून मी गल्लीकडे बघत होते आणि मनात एकच होतं, आता ह्यांच्यासाठी बंद काय होणार? एका बाजूला मोबाइलच्या सुट्या भागांचं गोदाम, रविवार म्हणून कुलूप. समोर अर्धी पाडलेली शेड. गल्ली अगोदरच गप्प होती. एवढी एक हौस होती त्या माणसाची. मला हुंदका आवरेना. कुणीतरी म्हणालं, "सुटले बिचारे," आणि मी त्या बाईंच्या अंगावर धावूनच जाणार होते.

चाचा आले. पांढरे कपडे, टोपी, काठी. बाबांजवळ थोडा वेळ उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बेटी, मशीन हाय ना जागेवर?"

मला क्षणभर कळेचना.

"चालू कर," ते म्हणाले. "चालू असल्याशिवाय मी बंद काय करू?"

आम्ही आतल्या खोलीत गेलो. रिकामी खाट. मशीन मी बंद केलेलीच नव्हती, ती माझ्या ध्यानातसुद्धा नव्हती. सकाळपासून ती तशीच थांबून होती, कांडी बदलायची वाट बघत. मी दांडीकडे हात नेला, पण माझ्याच्याने टिचकी मारवेना. आई आमच्या मागून आली होती. खटखटीचा उभा जन्म राग राग केलेली माझी आई. तिने वाकून, ज्या जागी त्यांचं बोट पडायचं बरोबर त्याच जागी, टिचकी मारली.

ठक. ठक. ठक. ठक.

भिंत थरथरली. पेले किणकिणले. बाहेरची कुजबुज थांबली. दारातल्या एका म्हाताऱ्या कामगाराने, बाबांचा जुना जोडीदार होता तो, डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. सगळ्यांना कळलं. लूमवरच्या माणसांना सांगावं लागत नाही.

चाचा खाटेच्या उशाशी, स्विचबोर्डावर हात ठेवून उभे राहिले. बाहेर चौघांनी खांदा दिला, बाबांना उचललं. उंबरा ओलांडला. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलवली, आणि मालकाने स्वतःच्या हाताने स्विच बंद केला.